ऐनवेळचा विषय

“विषय क्रमांक पाच,” श्रेया फळ्याकडे पाहत म्हणाली, “अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय. कोणाचा हाय का?”

बारावी ‘क’ची वार्षिक सर्वसाधारण सभा इथवर सुखरूप आली होती. कंपनीच्या सभा, नोटिसा, ठराव हे सगळं पुस्तकातून वाचून दाखवलं की पोरांना पेंग येते, म्हणून मनस्विनी मॅडमनी वर्गाचीच एक मसाल्याची कंपनी करून टाकली होती. सगळी पोरं भागधारक आणि श्रेया अध्यक्ष. लाभांश जाहीर झाला तेव्हा तर टाळ्या पडल्या. मसाला मात्र अजून कुणी पाहिला नव्हता.

शेवटच्या बाकावर प्राचार्य राजेंद्र सर अंग चोरून बसले होते. मनस्विनी तासिका तत्त्वावर होती आणि शनिवारी तिची मुदत संपत होती. ती वाढवायची की नाही, हे सर हा तास पाहून ठरवणार होते. तिला ही नोकरी हवी होती, आणि नुसती पगारासाठी नाही. औरंगपुऱ्यातल्या या शाळेत, खालच्या रिक्षांच्या हॉर्नवर आवाज चढवून शिकवताना, आपण कुठेतरी उपयोगी पडतोय असं तिला पहिल्यांदा वाटलं होतं.

खरं तर हा पाचवा विषय कंपनीच्या सभेत बसतच नव्हता. पण सवय कुठे जाते? सोसायटी असो, पतसंस्था असो की गणेश मंडळ, तो लिहिल्याशिवाय आपल्याकडे विषयपत्रिका पुरी झाल्यासारखी वाटत नाही. मनस्विनीनेही सकाळी तो ओघात लिहून टाकला होता.

शिवराज उठला. हा बजाजनगरहून सिटीबसने येणारा आणि एरवी तासभर खिडकीबाहेर पाहणारा मुलगा.

“अध्यक्षबाई, माझा ठराव हाय. आपल्या मनस्विनी मॅडमला कंपनीत कायम करावं. शनिवारी चालल्या म्हणं त्या. शिपाईमामा सांगत होते.”

वर्ग एकदम उसळला. “अनुमोदन!” सोनिया बाकावरून ओरडली. आणखी चारजण ओरडले.

मनस्विनीला काय करावं सुचेना. हसावं, तर सर म्हणणार हिनेच पढवून ठेवलंय. रागवावं, तर ज्या पोराने वर्षभर तोंड उघडलं नाही, त्याच्यावर पहिल्यांदा बोलला म्हणून रागवायचं? आणि आतून तिला इतकं बरं वाटलं होतं की त्याचीच लाज वाटत होती.

“सर, हे मी काही...”

सरांनी हातानेच थांबवलं. चेहऱ्यावरून काही कळायला मार्ग नव्हता. प्राचार्यांचे चेहरे बहुधा त्यासाठीच घडवलेले असतात.

“कोणाचा विरोध?” श्रेयाने आपलं विचारायचं म्हणून विचारलं.

पहिल्या बाकावरून गोकुळचा हात वर गेला.

“अध्यक्षबाई, हा ठराव घेता येत नाय.”

“का रं?” शिवराज गुरकावला.

“नेमणुकीचा विषय नोटिशीत पाहिजे. जे भागधारक आज आले नायत, त्यांना काय म्हाईत? कडुबा गैरहजर हाय. त्याला कळवलं का कुणी?”

“कडुबा आपल्याच बाजूनं हाय की!”

“असंल. पण कळवलं का?”

“आरं येड्या, मॅडम जातील ना!”

गोकुळचा चेहरा पडला. त्याने एकदा शिवराजकडे, एकदा मॅडमकडे पाहिलं. “मला बी मॅडम पाहिजेत,” तो म्हणाला, “लई पाहिजेत. पण नियम त्यांनीच सांगितलाय ना?” हात मात्र त्याने खाली घेतला नाही.

आता श्रेयाही गडबडली. तिने वळून विचारलं, “मॅडम, गोकुळचं बरोबर हाय का?”

सगळ्या माना मनस्विनीकडे वळल्या. खेळातला ठराव तो, पास झाला काय अन् नापास झाला काय. ‘चालतंय’ म्हणून पुढे सरकता आलं असतं. सरांसमोर आपल्या नावाच्या टाळ्या झाल्या असत्या. पण ते पोरगं अजून हात वर करून उभं होतं.

“गोकुळचं बरोबर आहे,” ती म्हणाली. “तो विषय मी लिहायलाच नको होता. ठराव रद्द.”

शिवराज मटकन खाली बसला. वर्षभर जे शिकवलं ते आज एका पोराला खरंच आलं होतं, आणि मनस्विनीला रडू येत होतं. आधी अभिमान वाटून घ्यावा की आधी रडावं, हे तिला ठरवता येईना.

राजेंद्र सर उठले. “चालू द्या,” एवढंच म्हणाले आणि निघून गेले. हे होय म्हणून होतं की नाही म्हणून, ते दाराकडे पाहून तिला कळलं नाही.

“मॅडम!” गोकुळचा चेहरा एकदम उजळला. “पुढच्या सभेच्या नोटिशीत टाकू ना हा विषय. मग कोणी हरकत घेऊ शकत नाय. मी बी नाय.”

“व्हय! नोटीस काढा!” वर्ग पुन्हा उसळला. शिवराजही ताडकन उठला. “किती दिवस आधी काढायची असती रं नोटीस?”

हाच प्रश्न मनस्विनीने वर्षभर विचारला होता. कुणी सात म्हणायचं, कुणी पंधरा, कुणी खाली मान घालायचं. आज अख्खा वर्ग एका दमात ओरडला.

“एकवीस!”

“शाब्बास,” शनिवारपर्यंतचे दिवस मनात मोजत मनस्विनी म्हणाली.