सनद आणि साक्ष

"तोंड वर करा," पेशकार म्हणाला. "उजेडात या. डोळे असे बारीक का?"

इसिद्रो सालोंगा खिडकीजवळ सरकला. तहसील कचेरीत सकाळपासून त्याच्या चेहऱ्याबद्दलचा हा तिसरा प्रश्न होता.

"डोळे आज्यावर गेलेत साहेब. आजा मनिलाचा व्हता."

"म्हणजे चीन."

"चीन न्हाई. त्याच्याबी पलीकडं, समुद्रात."

"समुद्रात लोक राहतात?" पेशकार हसला. त्याच्यामागे बसलेले दोन कारकूनही हसले.

इसिद्रोने दम धरला. नियमच तसा होता. निजाम सरकारची नोकरी हवी तर मुल्की असल्याचा दाखला पाहिजे, म्हणजे माणूस याच राज्यातला, बाहेरून आलेला नाही असा. दोन फेऱ्या फुकट गेल्या होत्या. आज शेवटची तारीख होती. आज शिक्का पडला नाही तर पोखर्णीच्या नव्या सरकारी शाळेतली मास्तराची जागा हैदराबादहून येणाऱ्या, फक्त उर्दूत शिकवणाऱ्या कुणातरी भलत्याला मिळणार होती. चार वर्षं देवळाच्या ओसरीवर जी पोरं धूळपाटीवर अक्षरं गिरवत होती, ती पुन्हा ढोरांमागे जाणार होती.

मागच्या बाकावर बन्सीधर बसला होता. उसना काळा कोट त्याला दंडात घट्ट होत होता आणि टोपी तो एकसारखी हातात फिरवत होता. सकाळी निघताना त्याची आई पार्वतीबाई वेशीपर्यंत पोचवायला आली होती. तिने दोघांच्या हातावर दही घातलं, पण मान काही वर केली नाही.

"इसदरभाऊ," बन्सीधर हळूच म्हणाला, "जाऊ दे. चल घरी. किती ऐकून घ्यायचं?"

"तू गप बस रे," इसिद्रो मागे न पाहता म्हणाला. "शिकवायचं सोडून दुसरं येतंय काय? मग जागा का सोडायची?"

पेशकाराने दऊत पुढे ओढली. "पहिल्यापासून सांगा. आजा आला कसा?"

इसिद्रोने सांगायला सुरुवात केली. आजा फाबियान. जहाजावरच्या बाजात कॉर्नेट नावाचं पितळी वाद्य वाजवायचा. मुंबईला जहाज लागलं तेव्हा एका जागीरदाराने त्याला ऐकलं आणि साथीदारांसकट राणीसावरगावकडच्या जागिरीत आणलं. ज्वारीची भाकरी त्याला महिनाभर गिळेना, मग अशी आवडली की भात नको म्हणायला लागला. गोव्याच्या आचाऱ्याच्या लेकीशी त्याने लग्न केलं. बाप सिप्रियानो इथेच जन्मला. पुढे जागीरदाराने वाजंत्र्यांचा ताफा मोडला, तेव्हा बाप लग्नाच्या वराती वाजवू लागला आणि पोखर्णीला येऊन राहिला.

"वरातीतला बाजेवाला," पेशकार कारकुनांकडे पाहून म्हणाला, "आणि ऐट बघा, जशी काय सुभेदारी चालवलीय!"

आता मात्र इसिद्रोचा आवाज चढला. "बाजेवाला व्हता, भिकारी न्हवता! आज्याला राणीसावरगावच्या मातीत पुरलाय. बाप पटकीच्या साथीत गेला, तवा गावातली मढी उचलायला चौघं उरले व्हते, त्यातला एक माझा बाप. सातव्या दिशी त्यालाच उचलावं लागलं. त्यावेळी कुणी इचारलं न्हाई, तुझे डोळे बारीक का म्हणून. मोडी मला येती, उर्दू मला येती. आणखी किती पिढ्या मेल्यावर माणूस इथला व्हतो, तेवढं सांगा!"

बन्सीधर बाकावरून अर्धा उठला आणि पुन्हा बसला.

दारात चपला वाजल्या. तहसीलदार आले होते. पिकलेली दाढी, डोळ्यांत सुरमा. त्यांनी शेवटचं वाक्य ऐकलं असावं.

"बोलणं पुष्कळ झालं," ते खुर्चीवर टेकत म्हणाले. "कागद आहे?"

इसिद्रोने बंडीच्या आतून मेणकापडाची गुंडाळी काढली. आत जागीरदाराची सनद होती. कडा वाळवीने खाल्लेल्या, पण मोहोर शाबूत. तहसीलदारांनी ती डोळ्यांजवळ नेली. एक एक नाव ते ओठांतल्या ओठांत वाचू लागले. फाबियान, कॉर्नेट. खाली दुसऱ्या शाईत सिप्रियानो. त्याच्याखाली इसिद्रो, जन्म राणीसावरगाव.

"तीन पिढ्या," ते म्हणाले. "एका कागदावर, सरकारी मोहोरेखाली. पेशकारसाहेब, तुमच्याकडे आहे असा कागद?"

पेशकाराने दऊतीचं झाकण उघडलं आणि पुन्हा लावलं.

"तुमच्या पोखर्णीत आणखी कुणाकडे असेल?"

"न्हाई साहेब," इसिद्रो म्हणाला. "कुणबी, पुजारी, कुणाकडंच न्हाई. त्यांना कागद करायची येळच आली न्हाई."

"आणि आमचं काम कागदावर चालतं." तहसीलदारांनी सनद नीट घडी करून दोन्ही हातांनी परत दिली. "तुम्ही पक्के मुल्की आहात. यात शंका घ्यायला कुणाला जागा नाही."

इसिद्रोने वळून बन्सीधरकडे पाहिलं. बन्सीधरचे डोळे भरून आले होते.

"लिहून घ्या," तहसीलदारांनी पेशकाराला फर्मावलं. "साक्षीदार इथलाच आहे, साक्ष ग्राह्य. आता तो परका अर्जदार कुठे आहे, त्याला उभा करा."

तेव्हा, आई पहिल्या बाळंतपणाला रीतीप्रमाणे माहेरी, इंग्रजांच्या मुलखातल्या बार्शीला गेली असताना तिथे जन्मला म्हणून गैरमुल्की ठरलेला, आणि सात पिढ्या पोखर्णीच्या नरसिंहाची पूजा करणाऱ्या घरातला बन्सीधर, हात जोडून बाकावरून उठला.