बिननंबराचा गट

आपला सगळा गट आता फोनवरच्या नेहमीच्या चॅटवर न्यायचा, असं अमिर्दलिंगम सरांनी ईमेलवर लिहिलं, आणि डोसा घालता घालता याळिनीचा हात थांबला. त्या चॅटवर प्रत्येकाचा नंबर प्रत्येकाला दिसतो.

गट तसा साधाच होता. दृष्टी नसलेल्यांना फोनवरचा तमिळ मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर ही मंडळी मिळून करत. कोणीही घ्यावं, कोणीही सुधारावं, पैसे नाहीत. सर स्वतः जन्मांध, त्रिचीचे निवृत्त संगीतशिक्षक. आजवर लिहिणं ईमेलवर आणि सभा इंटरनेटवर चाले, दोन्हीकडे स्वतः घेतलेलं नाव पुरे.

याळिनी हे घेतलेलंच नाव होतं. धर्मपुरीजवळच्या गावात ती मलरविळी होती. दुसऱ्या जातीच्या वस्तीतल्या इनियनशी लग्न करून ती पळाली, तेव्हा थोरला भाऊ सेंगुट्टुवन कोयता घेऊन बसस्टँडवर गेला. शाळेत शिकवणारी अम्मा दारात उभी होती. तिने त्याला अडवलं नाही. नंतर इनियनच्या एका मित्राला गाठून त्याने पत्ता विचारला आणि मित्राने सांगितला नाही म्हणून त्याचा हात मोडला. तेव्हापासून दोघं कोइंबतूरला एका खोलीत राहत. तिचा नंबर फक्त इनियनकडे होता.

तिने गटाला लिहिलं, नंबर न मागणारं चॅटही मिळतं, ते घेऊ. सरांनी शांतपणे उत्तर दिलं. ते आपण वापरून पाहिलं. त्यात आपलं सॉफ्टवेअर नुसतं ‘बटण, बटण, बटण’ म्हणतं. कोणतं बटण कशाचं, हे आंधळ्याला कोण सांगणार?

त्यांचं म्हणणं खरं होतं.

दुपारी तिला एकटीला एक ईमेल आली. ‘कुयिल’ या नावाने. कुयिल गटात नवीन. उच्चारांच्या चुका अचूक कळवायच्या, पण तोंडी सभेत कधी बोलायचं नाही, नुसतं टाइप करायचं.

“नंबरावरून एवढं भांडू नकोस,” ईमेलमध्ये होतं. “लोक विचारायला लागतील, हिला भीती कशाची. तू धर्मपुरीकडची आहेस. सॉफ्टवेअरमधला आवाज तुझाच आहे. हळू करून ऐकला की कळतं.”

आवाज तिने दिला होता हे खरं. पण त्याचे तुकडे करून ते जोडलेले, वर सगळे तो भरधाव वेगाने लावत. इनियनलाही तो ओळखू आला नव्हता. मग कोण बसलं होतं तो हळू करून ऐकत?

“अण्णाच आहे,” ती इनियनला म्हणाली.

इनियनचं म्हणणं, गट सोड, खोलीही बदलू. ती नाही म्हणाली. एकदम गप्प झालं तर त्याला खात्रीच पटेल. शिवाय सॉफ्टवेअरचे अर्धे उच्चार अजून सुधारायचे होते, आणि घर सुटल्यावर माणसं म्हणून तिला उरली होती ती हीच.

तिने बिननंबराच्या चॅटचं काम अंगावर घेतलं. एकेका बटणाला नाव द्यायचं, सॉफ्टवेअरला ते म्हणता येईल असं करायचं. दाराला कडी घालून ती बसे. खाली मोटारसायकल थांबली की उठून खिडकीच्या फटीतून पाही. आणि झालेलं काम तपासून कोण द्यायचं, तर कुयिल. ‘पाठवा’ बटणाच्या नावात एक अक्षर जरा लांबतं, एवढंसुद्धा सुटत नसे. त्या टिपणांत वावगं काही नसायचं. तिला त्याचीच जास्त भीती वाटे.

रविवारी दुपारी सभा झाली. सरांनी एकेकाचं मत घेतलं. बहुतेकांना नेहमीचंच चॅट हवं होतं. मग कुयिलचा मजकूर आला आणि सरांच्या फोनने तो मोठ्याने वाचला.

“सगळ्यांचे फोन त्यांच्या एकट्याचे नसतात. घरातलं दुसरं माणूस ते रोज उघडून बघतं. कोणाशी बोलतो, कोणाचे नंबर आहेत, सगळं. नंबर नको.”

मग मदुराईची एक बाई हळूच म्हणाली, माझाही नवरा बघतो. हे आपल्या ध्यानातच आलं नव्हतं, सर म्हणाले, आणि बिननंबराचं चॅट ठरलं.

याळिनीला हायसं वाटायला हवं होतं. पण शोधणारा माणूस नंबर सोडून का देईल? एकाच कारणाने. त्याला आता नंबराची गरज उरली नसेल.

नव्या चॅटवर पहिला निरोप आला तो कुयिलचाच, तिला एकटीला.

“घरी एकटीच आहेस का?”

तिने कडी पुन्हा तपासली, इनियनला ताबडतोब ये म्हणून फोन केला. आणि भीती असह्य होऊन थेट लिहिलं, “तू सेंगुट्टुवन आहेस ना? काय हवंय तुला माझ्याकडून?”

पलीकडे कोणी तरी लिहीत असल्याची खूण दिसू लागली. थांबली. पुन्हा दिसली. शेवटी उत्तर आलं.

“तो शेतावर गेलाय, म्हणून लिहिते. साखरेच्या आजाराने माझे डोळे गेले, कण्णू. रोज सकाळी तूच तुझ्या आईला पेपर वाचून दाखवतेस.”