दोन इंचाचे ठोकळे

आमच्या ह्यांच्या टूरिंग बाइकने तीन वर्षांत मारलेला सर्वांत लांबचा पल्ला म्हणजे कोपऱ्यावरचा पेट्रोल पंप. तरी हँडलवर वाकून वाकून ह्यांची पाठ गेली म्हणे! मग हँडल उंच करायला रायझर आले, म्हणजे हँडलखाली बसवायचे ॲल्युमिनियमचे दोन ठोकळे. दोन इंचाचे लावले तर ह्यांचे खांदे भरून आले, म्हणून दीड इंचाचे आणले. मेकॅनिक ह्यांना बाइकवर बसवून कोपराला टेप लावत होता, जणू नवरदेवाचा कोट शिवायला घेतलाय.

"यंत्राने माणसाच्या उंचीला यायचं असतं," हे त्यालाच शिकवत होते, "माणसाने का म्हणून वाकायचं?"

आणि घरातला ओटा? तो सासूबाईंच्या मापाचा आणि मी त्यांच्याहून चांगली वीतभर उंच. अकरा वर्षं घसा कोरडा करतेय, ओटा उंच करून घेऊ या. ह्यांचं उत्तर ठरलेलं, "सवय होते गं."

शेवटी ते नापास झालेले दोन इंचाचे ठोकळे मीच उचलले, धुतले आणि भाजी चिरायच्या फळीच्या दोन टोकांखाली ठेवले. अकरा वर्षांत माझी वाकलेली पाठ ह्यांना कधी दिसली नव्हती. ठोकळे मात्र पाणी प्यायला आल्या आल्या दिसले.



"अगं, काय हे! चरे पडतील ना त्यांना!"