जबड्याची जागा

"आजी, जबडा सैल सोडा," डॉक्टर राजस सातव्यांदा म्हणाले, आणि कसबा बावड्याच्या चिमणाबाईंनी सातव्यांदा तो टेबलाच्या खणासारखा पुढं काढला.

दोष त्यांचा नव्हता. दाढा गेल्यावर पाच वर्षं त्यांनी उरलेल्या पुढच्या दोन दातांवर काढली. आता तेही गेले, पण जबडा सवयीनं पुढंच धावायचा आणि मिटताना कानापाशी कट् वाजायचा. त्या चुकलेल्या जागेवरच माप घेऊन आधीच्या एका डॉक्टरानं केलेली कवळी घरी स्टीलच्या डब्यात हसत पडली होती. डब्याबाहेर शेजारची शालूबाई हसायची. रोज दारात बसून कोरडी भाकरी कडाकडा चावायची आणि विचारायची, "भिजली का न्हाय गं तुझी?"

डॉक्टरांनी हिरड्यांवर मेणाच्या दोन पट्ट्या बसवल्या होत्या. जबड्याचा सांधा जागेवर गेला की तोंड मिटायचं, पट्ट्यांवर उभी रेघ मारायची. तीनदा रेघेला रेघ जुळली तर माप खरं. एकदाही जुळेना. हनुवटी मागं ढकलावी, तर आजी दुप्पट जोरानं पुढं. शेवटी घाम पुसत डॉक्टर म्हणाले, आज नाही जमलं तर कवळीचा नाद सोडलेला बरा.

चिमणाबाईंनी पट्ट्या काढून हातात घेतल्या.

"डॉक्टर, म्हशी किती राखल्यासा?"

"एकही नाही."

"म्हणून जोर लावताय. जोर लावला की म्हस दूध चोरती, आत धरून ठेवती. हितं या जवळ. उभं ऱ्हावा. हलायचं न्हाय."

पट्ट्या परत तोंडात गेल्या. चिमणाबाईंनी डॉक्टरांच्या बरगडीला कपाळ टेकलं, डोळे मिटले. मांडीवरचे हात धार काढल्यासारखे आपसूक खालीवर होऊ लागले. घशातून आवाज निघाला, चाळीस वर्षं गोठ्यातल्या प्रत्येक म्हशीनं ऐकलेला. हूं... हूं... हूं...

डॉक्टर एखाद्या गुणी म्हशीसारखे उभे राहिले. मदतनीस अनुजा भिंतीकडं बघत राहिली, कारण तिला नोकरी टिकवायची होती.

हळूहळू आजींचे खांदे उतरले. जबडा लोंबला, आणि कुणी न ढकलता मागं जाऊन बसला. कट् वाजलं नाही. डॉक्टरांनी हनुवटीला नुसता अंगठा लावून तो मिटवला. रेघ मारली. पुन्हा हूं, पुन्हा रेघ. तिसऱ्यांदाही रेघ रेघेवरच.

"जुळली," डॉक्टर कुजबुजले. म्हस बुजणार नाही अशा बेतानं.

बाहेर येऊन चिमणाबाईंनी सुनेला फोन लावला. "क्रांती, शालूला सांग, पंधरा दिसांनी दारात जरा सरकून बस म्हणावं. आन माझी भाकरी कडक भाजायची."

आत एक रिटायर फौजदार विजयसिंह गेले होते. दोनदा "सैल सोडा" ऐकू आलं. मग दाराआडून डॉक्टरांचा बारीक आवाज आला, "हूं... हूं..."

चिमणाबाईंनी कान दिला, चपला घातल्या.

"पयल्या येताची म्हस हाय, धारंला नवी," त्या बाहेर आलेल्या अनुजाला म्हणाल्या. "येळ लागंल."