गोड काढा

मिताली सासूबाईंच्या खोलीच्या दाराशी उभी राहून खोकली. नीट जमलं नाही. पुन्हा खोकली, या वेळी अगदी घशातून.

भिंतीकडे तोंड करून पडलेल्या वसुंधराबाई हलल्या. "थांब गं, काढा करते," म्हणाल्या आणि उठल्या.

हुश्श! एवढंच तर हवं होतं. सासरे, भास्करराव, गेले आणि वसुंधराबाईंनी अंथरूणच धरलं. डॉक्टर म्हणाले, दुखणं काही नाही. मुलानं, अमोघनं, विनवण्या केल्या, चिडला, एकदा तर रडलासुद्धा. बाई दोन घासांवर हात धुवायच्या आणि पुन्हा आडव्या व्हायच्या. अशानं त्याही जातील, ही धास्ती घरात कुणी बोलून दाखवत नव्हतं.

मग एके दिवशी पाणी पिताना मितालीला ठसका लागला, आणि सासूबाई चक्क उठून बसल्या. जन्माची सवय ती! दाढदुखीला लवंग, पोटदुखीला ओवा, अख्खी सोसायटी त्यांच्याच मसाल्याच्या डब्यावर बरी व्हायची. मात्र धडधाकट माणसानं मागितलं, तर चिमूटभरही मिळायचं नाही. "बरे आहात ना? मग कशाला? उगाच उष्ण पडेल," असं म्हणून त्या शेजारच्या रमाकांतभाईंनासुद्धा परत पाठवायच्या.

मितालीनं ठरवलं, आपण आजारी पडायचं.

तीन आठवडे खोकली बिचारी. रोज सकाळी, अलकापुरीला ऑफिसला निघण्याआधी. काढा उकळेपर्यंत सासूबाई ओट्याशी उभ्या असत. तेवढ्यात ती त्यांच्यापुढे चहा-खारी सरकवायची, काहीबाही बोलत राहायची. दोन खाऱ्या पोटात जायच्या. परवा तर त्यांनी स्वतः होऊन कढीला फोडणी दिली.

काढा मात्र भलताच गोड. मितालीच्या गुजराती माहेरी, डभोईला, काढा म्हणजे नाकाडोळ्यांतून धारा! इथं आपले धणे, बडीशेप आणि वर गुळाचा खडा. लग्नाला सहाच महिने झालेले, विचारणार कुणाला? "मम्मी, या मराठी लोकांचा उकाळो सरबतासारखा असतो," असं तिनं फोनवर आईला सांगूनही टाकलं.

"बास कर आता," अमोघ म्हणाला. "नाटक कळलं, तर ती परत झोपेल."

"म्हणून तर कळू द्यायचं नाही."

आज मात्र ती उठली तीच कणकणत. दाराशी गेली आणि खोकायचं ठरवण्याआधीच खोकला आला. वसुंधराबाईंनी वळून तिच्याकडे पाहिलं. मग स्वयंपाकघरात गेल्या. आज जरा जास्तच वेळ लागला.

पहिल्या घोटालाच मितालीच्या डोळ्यांतून पाणी आलं. सुंठ, मिरी, लवंग, सगळं घशाला झोंबलं.

"बाप रे! आई, आज एवढा तिखट?"

वसुंधराबाईंनी आपल्या पलंगावरची चादर झटकली, तिला तिथं निजवलं आणि गळ्यापर्यंत पांघरूण ओढलं. खिडकी उघडली. मग येऊन तिच्या कपाळावर हात ठेवला.

"आज खोकला खरा आहे ना, बेटा."