निंबाखालची अकरा घरं

सन अठ्ठेचाळीसचा वैशाख. रझाकारांनी घरं जाळली म्हणून निजामाच्या हद्दीतून पळून आलेली अकरा कुटुंबं सकाळपासून गावाबाहेरच्या निंबाखाली बसली होती. त्यांतली किती ठेवून घ्यायची यावर चावडीत वाद चालला होता.

“विहिरीचा तळ दिसून राह्यला,” गुलाबराव पाटील म्हणाले. “पाच घरं घेऊ. बाकीच्यायनं शिरपूर गाठावं.” कोणी तीन म्हणे, कोणी एकही नको.

हे निंबाखाली कळलं तेव्हा म्हातारा जगदेव संतापला. “आमी मानसं आहो. मानसायले कोनी असं मोजून घेते का?” त्याच्या मांडीवरच्या नातीचे ओठ तहानेनं फुटले होते.

दुपार कलली तशी मनकर्णाबाई डोक्यावर घागर घेऊन आली. “चावडीचं होईन तवा होईन,” ती म्हणाली. “तुमी सारेच चला आमच्या वस्तीत. नदीतल्या झिऱ्याले पानी आहे, थोडं थोडं पुरन साऱ्यायले. पयले पोरीले पाजा.”

जगदेवचे डोळे भरून आले. नातीनं ओंजळ पुढे केली. तिच्या हाताला आपला हात लागू नये म्हणून मनकर्णाबाईनं सवयीनंच घागर उंच धरली आणि धार सोडली.

ती उंची पाहून जगदेवनं ओंजळ तोंडाला लावणाऱ्या नातीचं मनगट धरलं. “तुमची वस्ती कोनती, बाई?”

“महारवाडा, बाबा.”

 

जगदेवनं नातीची भरलेली ओंजळ मातीत उलटी केली. “राहू द्या,” तो म्हणाला. “चावडीचं ठरू द्या पयले.”