खुणेची अशरफी

सोन्याला कुणाच्या विश्वासाची गरज नसते, सोनं स्वतःच विश्वास असतं, असं पेडगावचे माणिकराव नेहमी म्हणायचे. एवढं म्हणून ते आपली अशरफी रुमालात, रुमाल बंडीच्या आतल्या खिशात आणि खिशावर हात ठेवून बसले होते.

समोर ओसरीवर परभणीचे रंगनाथ वकील. जुन्या नाण्यांचे शौकीन. त्यांनी डोळ्याला लावायचं भिंग डबीतून काढून सतरंजीवर ठेवलं, तेव्हा माणिकरावांना पहिला संशय त्या भिंगाचाच आला.

माणिकरावांच्या बायकोनं, सुमनबाईंनी, चहा आणून ठेवला, पण त्या आत गेल्या नाहीत. त्यांच्या माहेरच्या चार गिन्न्यांचा प्रश्न होता. सोनं बाळगण्यावरच्या बंधनांचा कायदा उठला तसं माणिकरावांच्या डोक्यात भरलं होतं, की गिन्नी काय, कुठल्याही सराफाकडे मिळते, तिला वजनाचाच भाव. निजामाची अशरफी मात्र वयाचा भाव खाते. म्हणून चारी गिन्न्या मानवतच्या चंद्रभान व्यापाऱ्याला देऊन त्यांनी ही एक आणली. वकील आता तिला आठ गिन्न्यांची किंमत द्यायला तयार होते. त्यातल्या आपल्या चार माघारी याव्यात, वरच्या चारांचं काय ते करा, एवढंच सुमनबाईंचं म्हणणं होतं.

"मी वजनाचे पैसे देत नाही, माणिकराव," वकील म्हणाले. "महिन्यापूर्वी दाखवलीत तशीच असेल, तर आठ पक्क्या. काढा."

माणिकरावांनी चिमटीत धरून चारमिनाराची बाजू दाखवली. चिमूट सोडली नाही.

"वा! एक ओरखडा नाही. मागची बाजू?"

"त्यासाठी हातात घ्यावी लागंल म्हनायलाव?"

"घ्यावी तर लागेलच."

"आन् तुमच्या खिशात दुसरी न्हाई कशावरून?"

वकिलांनी खिसे उलटे केले. तपकिरीची डबी निघाली, एसटीचं तिकीट निघालं. माणिकरावांनी डबी उघडून पाहिली. तिकीटही उलटून पाहिलं.

"अवो, द्या की त्यांच्या हातात," सुमनबाई म्हणाल्या. "वकील हायत ते, चोर न्हाईत."

"तुला कोर्टाचा अनुभव न्हाई."

तरी शेवटी त्यांनी अशरफी दिली, आणि देताना मिशीतल्या मिशीत हसले. "घ्या. पर बदलायचा इचार आसंल तर सोडून द्या. मी पक्का बंदोबस्त केलाय."

वकिलांनी अशरफी उलटी केली. भिंग लावलं. भिंग काढलं, धोतराच्या सोग्याला पुसलं, पुन्हा लावलं.

फारशी अक्षरांच्या बरोबर मधून टिंबाटिंबांत कोरलं होतं: मा. कि. पेडगाव.

"हे कुणी केलं?"

"मुंजाजीनं. बाजारात भांड्यावर नावं घालतो की, त्यो. आमच्या घागरी, ताटं, समद्यावर नाव हाय. गावजेवणात देतो, पर आजवर एक वाटी गेली न्हाई." माणिकरावांचा आवाज चढला. "आता जगात कुठंबी जाऊ द्या, आपली हाय म्हनून वळखू यील."

"येईल," वकील म्हणाले. त्यांनी अशरफी सतरंजीवर ठेवली, भिंग त्याच्या डबीत घातलं आणि निवलेला चहा एका घोटात संपवला.

सुमनबाईंनी वाकून अशरफी उचलली, उजेडात धरली.

"अवो, जी इकायची होती, तिच्यावर आपलं नाव काऊन घातलं?"

माणिकरावांनी वकिलांकडे पाहिलं, भिंगाच्या डबीकडे पाहिलं, मग दाराकडे पाहिलं. संशय घ्यायला तिथं दुसरं कुणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बन्सीधर सराफाच्या काट्यावर अशरफी दीड गिन्नीलाही भरली नाही.